कडेचा गडी

अमेरिकन फुटबॉलमधल्या आमच्या पिट्सबर्ग स्टीलर्सचा जॉर्ज पिकन्स डॅलसच्या संघाकडे गेला त्या उन्हाळ्यातली गोष्ट. पिट्सबर्गच्या पूर्वेला, आमच्या घरामागच्या उतारावर एका आजींनी यार्ड सेल मांडला होता. कुंड्या, जुने दिवे, ख्रिसमसच्या माळा, आणि गॅरेजच्या दाराशी एक मोठं खोकं. खोक्यात स्टीलर्सच्या जर्सी. काळं कापड धुऊन धुऊन करडं पडलेलं, छातीवरचे आकडे भेगाळलेले, कॉलरला बंद कपाटाचा वास. वर चिकटपट्टीवर लिहिलेलं: कुठलीही घ्या, पाच डॉलर. मी एकेक वर काढून पाहत गेले. ८४, ब्राउन. १७, वॉलेस. १०, होम्स. आणखी एक १०, पण पाठीवर ब्रायंट. १९, स्मिथ-शूस्टर. ११, क्लेपूल. १८, जॉन्सन. तळाशी १४, पिकन्स, अजून करकरीत, जेमतेम अंगावर चढली असेल अशी. सगळे वाइड रिसीव्हर, म्हणजे कडेला उभे राहून, पुढे पळत जाऊन चेंडू झेलणारे. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक एकही नाही, बचावातला एकही नाही. दारावरच्या खुंटीला मात्र हँगरवर ८६ टांगलेली होती, हाइन्स वॉर्डची, इस्त्री केलेली. तिची किंमत विचारली तर आजी म्हणाल्या, ती विकायची नाही, ती माझी आहे. मग खोक्याकडे बघत म्हणाल्या, माझा मुलगा ज्याच्यावर जीव लावायचा तो जायचा.

ते वाक्य डोक्यातून जाईना.

तसं प्रत्येकाच्या जाण्याचं कारण मला पाठ आहे. या गावात राहणाऱ्या कुणालाही असतं. होम्सवर बंदी आली होती, वॉलेसला मोठा करार हवा होता, ब्राउनने स्वतःच दार आपटलं, ब्रायंट वारंवार निलंबित होत राहिला, क्लेपूलचं पहिलं वर्ष पुढे परत दिसलंच नाही, पिकन्सचा स्वभाव. रेडिओवर लोक फोन करकरून ही कारणं इतकी वर्षं उगाळत आलेत. पण त्या जर्सी एका खोक्यात एकावर एक पडलेल्या पाहिल्या आणि ही सुटी सुटी कारणं मला अपुरी वाटायला लागली. वेगवेगळ्या माणसांचे वेगवेगळे दोष नेमके एकाच जागी खेळणाऱ्यांत कसे गोळा होतात? बरं, हा संघ उतावळा नाही. १९३३ पासून तो रूनी घराण्याकडे आहे. १९६९ मध्ये चक नोल प्रशिक्षक म्हणून आला, आणि तिथून पुढच्या अर्ध्या शतकात या संघाने मुख्य प्रशिक्षक पाहिले ते फक्त तीन. माणूस धरून ठेवणं ही इथली ख्याती. तरीही कडेला उभा राहणारा माणूस इथे टिकत नाही. सँटोनियो होम्सच्या आधी प्लॅक्सिको बरेस होता, तो २००५ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि तीन वर्षांत तिथल्या जायंट्सना सुपर बोल, म्हणजे एनएफएल या लीगचा अंतिम सामना, जिंकून देणारा झेल त्यानेच घेतला.

बाबा सांगलीकडचे. तरुणपणी कबड्डी खेळलेले, पंचक्रोशीत नाव असलेले. इथे यायचे तेव्हा रविवारी दुपारी माझ्याशेजारी बसून सामना बघायचे. नियम त्यांनी लवकर उचलले. चार संधींत दहा यार्ड सरकायचं हे तर त्यांना पहिल्याच दिवशी आवडून गेलं. एक गोष्ट मात्र खुपायची. प्ले, म्हणजे एकेक डाव, सुरू झाला रे झाला की ते टीव्हीच्या कोपऱ्याकडे बोट करायचे. "अगं, तो कडंचा गडी कुठं गेला?" तो पडद्याबाहेर गेलेला असायचा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूला धरून राहतो. मधोमध क्वार्टरबॅक, त्याच्यापुढे ती धिप्पाड माणसांची भिंत, धक्काबुक्की, ओरडा. कडेचा माणूस तोवर वीस यार्ड पुढे पळून चित्रातून नाहीसा झालेला. चेंडू हवेत गेला की कॅमेरा वळतो आणि मग तो दिसतो, म्हणजे चेंडू त्याच्याकडेच आला असेल तर. नाहीतर तो पळाला होता याची घरबसल्या बघणाऱ्याला खबरसुद्धा लागत नाही. बाबांना ते अजिबात पटायचं नाही. "एवढा जीव तोडून पळतोय तर दाखवा की त्याला," म्हणायचे, आणि चहाचा कप खाली ठेवून पुढच्या प्लेला पुन्हा कोपऱ्यातच बघायचे.

मग आम्ही त्यांना स्टेडियममध्ये घेऊन गेलो. जिथे दोन नद्या मिळून ओहायो होते तिथल्या काठावरचं ते स्टेडियम. आमची तिकिटं वरच्या मजल्यावरची, जवळपास टोकाची. हवेत तळलेल्या कांद्याचा आणि बिअरचा वास, खुर्चीचा गारवा दोन थर कपड्यांमधून आत शिरणारा, चहूकडे हजारो पिवळे टॉवेल गरगरत असलेले. तिथून खेळाडू बोटाएवढे दिसतात, पण सगळेच्या सगळे दिसतात. आणि मला जे टीव्हीवर कधी कळलं नव्हतं ते तिथे कळलं. प्ले सुरू झाला, डाव्या कडेचा रिसीव्हर सुसाट सुटला, बारा-पंधरा यार्डांवर एक पाय घट्ट रोवून आत वळला, त्याच्या मागचा बचावपटू एका क्षणात तीन पावलं मागे पडला. आजूबाजूला कुणी नाही. त्याने हात वर केला. चेंडू उजवीकडे दुसऱ्याला गेला, सहा-सात यार्ड मिळाले, स्टेडियम गरजलं. डावीकडचा तो माणूस हात खाली करून चालत परत आला. पुढच्या प्लेला पुन्हा तसाच सुसाट. पुन्हा मोकळा, पुन्हा हात वर. या वेळी क्वार्टरबॅकला चेंडू टाकण्याआधीच खाली पाडलं होतं. बाबांची नजर त्याच्यावरच होती. सामना संपेपर्यंत ते त्याच्याविषयीच बोलत होते. चेंडू कुणाकडे आहे याच्याशी त्यांना देणंघेणं उरलं नव्हतं.

एका सामन्यात संघाला साठेक प्ले मिळतात. चांगल्या रिसीव्हरकडे त्यातल्या आठ-दहा वेळा चेंडू टाकला जातो, पाच-सहा हाती लागतात. बाकी सगळं पळणं चेंडूविना. ते फुकट नसतं, त्याच्यामागे दोन बचावपटू ओढले जातात म्हणूनच दुसऱ्याला वाट मिळते. पण त्याची नोंद कुठल्याच आकड्यात होत नाही. आणि या पळण्याची एक अट आहे. चेंडू आपल्याकडेच येणार असंच दर वेळी पळावं लागतं. जरा ढिलाई आली, एक पाऊल सैल पडलं, की समोरच्याला लगेच कळतं आणि तो दुसरीकडे मदतीला निघून जातो. म्हणजे या माणसाने साठ वेळा मनापासून मानायचं की चेंडू माझा, आणि पन्नास वेळा तो नाही आला तर एकावन्नाव्या वेळी पुन्हा तितक्याच मनापासून मानायचं. हे येरागबाळ्याचं काम नाही. ज्याला आपण या मैदानावर सर्वांत भारी आहोत असं आतून वाटत नाही त्याला हे जमणारच नाही. मग सोमवारी हाच माणूस म्हणतो, मी मोकळा होतो, चेंडू माझ्याकडे का नाही आला? तर तो स्वार्थी ठरतो. संघाने त्याला ज्या गुणासाठी निवडलं, तोच गुण शनिवारपर्यंत विश्वास असतो आणि सोमवारी त्याचं नाव मीपणा होतं. क्वार्टरबॅकला हे कधी सोसावं लागत नाही, कारण प्रत्येक प्लेला चेंडू त्याच्याच हातात येतो. मागच्या बाजूने पळणाऱ्याला चेंडू हातात ठेवून दिला जातो. फक्त हा एकटा लांब उभा, सगळं बरोबर करूनही हात रिकामे राहू शकणारा.

ऑगस्टमध्ये लॅट्रोबला सराव शिबिर असतं, सेंट व्हिन्सेंट कॉलेजच्या मैदानावर. स्टीलर्स १९६६ पासून तिथे जातात. आमच्याकडून गाडीने तासाभराच्या आत. उतारावरच्या गवतावर बसायचं, खाली मैदान, मागे कॉलेजच्या विटांच्या इमारती आणि चर्चचे मनोरे. तिथे रिसीव्हर जवळून बघता येतात. त्यांच्या हातमोज्यांवर चेंडू आदळल्याचा आवाज ऐकू येतो. नीट झेलला तर तो आवाज जवळजवळ येतच नाही. अँटोनियो ब्राउन मी तिथे पाहिलाय. उंची पाच फूट दहा इंच, या जागेसाठी लहानसाच. सराव संपायचा, बाकीचे सावलीत जायचे, आणि हा चेंडू फेकणाऱ्या यंत्रासमोर उभा असायचा. एका हाताने, मग दुसऱ्या हाताने, मग पाठ करून. लहान मुलं तारेच्या कुंपणाला चिकटून त्याच्या नावाने ओरडत असायची. २०१८ मध्ये तो शिबिराला हेलिकॉप्टरमधून आला तेव्हा गावभर चर्चा झाली, हे काय वागणं म्हणून. मला मात्र ते यंत्रासमोरचं उन्हातलं उभं राहणं आधी आठवतं, आणि हेलिकॉप्टर नंतर.

ब्राउन इथे आला कसा ते सांगायला हवं, कारण त्यात सगळं आहे.

१ फेब्रुवारी २००९, टँपा. सुपर बोलमध्ये ॲरिझोना पुढे, घड्याळात पस्तीस सेकंद उरलेली असताना स्टीलर्सचा क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गर याने उजव्या कोपऱ्यात उंच चेंडू टाकला. भोवती तीन बचावपटू. सँटोनियो होम्सने पूर्ण ताणून तो झेलला आणि दोन्ही पायांची बोटं रेषेच्या आत टेकवून ठेवली, अंग मात्र बाहेर पडत होतं. २७-२३. सामनावीर होम्स. त्या रात्री या शहरात अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. त्यानंतर चौदा महिन्यांनी, एप्रिल २०१० मध्ये, लीगच्या अमली पदार्थांविषयीच्या नियमाखाली होम्सवर चार सामन्यांची बंदी येणार असं दिसलं आणि स्टीलर्सनी त्याला न्यूयॉर्कच्या जेट्सकडे पाठवून दिलं. बदल्यात काय, तर ड्राफ्टमधली, म्हणजे दर एप्रिलमध्ये संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातली, पाचव्या फेरीतली एक निवड. त्याच महिन्यात लीगने रॉथलिसबर्गरवरही बंदी घातली. त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला होता. गुन्हा दाखल झाला नाही, पण वर्तणुकीच्या नियमाखाली सहा सामने, जे पुढे चारवर आले. म्हणजे चेंडू टाकणारा आणि झेलणारा, दोघेही चार-चार सामने बाहेर. एकाला संघाने ठेवून घेतलं, दुसऱ्याला पाचव्या फेरीच्या भावात दिलं. आरोपांचं गांभीर्य बघाल तर पारडं उलटं झुकायला हवं होतं. तेव्हाही मला ते सलत होतं, आजही सलतं. वागणुकीचा प्रश्न होता असं म्हणतात, पण प्रश्न हा होता की कुणाच्या जागी दुसरा मिळतो. क्वार्टरबॅक मिळायला दहा-वीस वर्षं जातात. रिसीव्हर दर एप्रिलमध्ये मिळतो, निदान स्टीलर्सना तरी.

कारण बघा पुढे काय झालं. होम्सच्या बदल्यात आलेली निवड त्यांनी ॲरिझोनाला दिली, त्यातून एक जुना बचावपटू परत आणला आणि वर सहाव्या फेरीतली, एकूण १९५ वी निवड मिळवली. त्या १९५ व्या निवडीवर घेतलेला पोरगा म्हणजे अँटोनियो ब्राउन. २०१३ ते २०१८, सलग सहा मोसम शंभराहून जास्त झेल. २०१८ मध्ये झेलांवर पंधरा टचडाउन, म्हणजे पंधरा वेळा चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे; रिसीव्हरांत लीगमध्ये सर्वाधिक. आणि त्याच मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात रॉथलिसबर्गरशी वाजलं, ब्राउन सरावाला फिरकला नाही, सिनसिनाटीविरुद्धच्या सामन्यात तो नव्हता, आणि मार्च २०१९ मध्ये तो रेडर्स संघाकडे गेला, तिसऱ्या आणि पाचव्या फेरीच्या निवडींच्या बदल्यात. त्यातल्या तिसऱ्या फेरीच्या निवडीवर स्टीलर्सनी डिऑन्टे जॉन्सनला घेतलं. २०२४ मध्ये जॉन्सनला कॅरोलायनाला पाठवून एक बचावपटू आणला. होम्स देऊन ब्राउन, ब्राउन देऊन जॉन्सन, जॉन्सन देऊन बचावपटू. कागदावर हे इतकं हुशारीचं आहे की कौतुक करावं. मीही केलंय. पण जो संघ झरा कुठे आहे हे ओळखतो त्याला एका घड्याची काळजी कशाला वाटेल, हेही त्याच हुशारीतून येतं.

ब्राउनविषयी माझं मन कधीच एका बाजूला ठरत नाही. रेडर्सनी त्याला एकही सामना न खेळवता सोडलं, न्यू इंग्लंडकडे तो एक सामना खेळला, त्याच्यावर गंभीर आरोप झाले. पुढे टँपाकडून खेळताना त्याने सुपर बोल जिंकला, आणि त्यात टचडाउनही केलं, होम्सने तो झेल घेतला त्याच स्टेडियममध्ये. वर्षभराने, २ जानेवारी २०२२ ला, न्यू जर्सीत सामना चालू असताना त्याने जर्सी काढली, उघड्या अंगाने प्रेक्षकांना हात करत तो मैदानातून निघून गेला. लोक ते पुन्हा पुन्हा लावून हसत होते. मला ते एकदाच बघवलं. त्याने ज्यांना दुखावलं त्यांचं दुखणं यामुळे कमी होत नाही. पण यंत्रासमोर उन्हात उभा असलेला तो माणूसही मी पाहिलाय, आणि तो या माणसापासून मला वेगळा काढता येत नाही.

पैशाचं सांगायचं तर ते थोडक्यात सांगता येतं, आणि तेच सगळ्यांत निर्दय आहे. ड्राफ्टमधून आलेल्या मुलाचा पहिला करार चार वर्षांचा, आणि रक्कम साधारण निवडीच्या क्रमांकावरून ठरलेली. तो कितीही चमकला तरी पहिली तीन वर्षं करार वाढवून मागता येत नाही. तिसरं वर्ष संपलं की बोलणी सुरू होतात, आणि नेमकं तेव्हाच निरोपाचे दिवसही सुरू होतात. ए. जे. ब्राउन या दुसऱ्याच एका रिसीव्हरला टेनेसीने तिसऱ्या वर्षानंतर सोडलं, २०२२ च्या ड्राफ्टच्या रात्री; फिलाडेल्फियाने त्याला चार वर्षांचे दहा कोटी डॉलर दिले. पिकन्स गेला तोही तिसऱ्या वर्षानंतर. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते, २०२५ मध्ये ती २७.९२ कोटी डॉलर होती, आणि त्यात ५३ जणांचं भागवायचं. क्वार्टरबॅक एकटा मोठा वाटा घेतो. उरलेल्यात रिसीव्हरला द्यायचं की बचावाला, की ड्राफ्टमधून स्वस्तात नवा आणायचा? कॅन्सस सिटीने २०२० मध्ये आपला क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याच्याशी दहा वर्षांचा ४५ कोटींचा करार केला होता. २०२२ मध्ये त्यांचा रिसीव्हर टायरीक हिल याने आपला भाव मागितला तेव्हा त्यांनी त्याला मायामीला पाठवून पाच निवडी घेतल्या, आणि पुढचे दोन्ही सुपर बोल त्यांनीच जिंकले. या एका उदाहरणाने सगळ्या संघचालकांना धीर आला असणार. टेनेसीचं उदाहरण मात्र कुणी काढत नाही. २०२२ च्याच डिसेंबरमध्ये ए. जे. ब्राउनने जुन्या संघाविरुद्ध ११९ यार्ड आणि दोन टचडाउन केले, आणि दोनच दिवसांत ज्याने त्याला सोडलं त्या व्यवस्थापकाची नोकरी गेली.

स्टीलर्सचा हिशेब २०१२ च्या उन्हाळ्यात मी अगदी उघडा पाहिला. माइक वॉलेस तेव्हा लीगमधल्या सर्वांत वेगवान माणसांपैकी एक. मनासारखा करार मिळेना म्हणून तो शिबिराला आला नाही. लॅट्रोबच्या गवतावर आम्ही बसलो होतो आणि १७ क्रमांक कुठेच नव्हता. संघाने काय केलं, तर जुलैच्या शेवटी ब्राउनला पाच वर्षांचे ४.२५ कोटी देऊन टाकले. वॉलेसला उत्तर मिळालं. पुढच्या मार्चमध्ये तो मायामीला गेला, सहा कोटींचा करार घेऊन, आणि तिथे त्याला दोनच वर्षं ठेवलं. म्हणजे एका रिसीव्हरला मिळालेला न्याय हीच दुसऱ्याच्या निरोपाची चिठ्ठी होती. आणि ज्या ब्राउनला तेव्हा असं जवळ केलं, त्याला सोडताना स्टीलर्सच्या खात्यावर २.११ कोटी डॉलरचा डेड मनी पडला. आधी दिलेला बोनस हिशेबात पाच वर्षांपर्यंत पसरवतात, माणूस मधेच गेला की उरलेलं सगळं एकदम त्याच वर्षाच्या मर्यादेत मोजलं जातं. मर्यादेचा जवळपास नववा हिस्सा, मैदानावर नसलेल्या माणसासाठी. एवढं सोसूनही त्यांनी सोडला. तेव्हा निव्वळ पैसा हे कारण मला पुरत नाही. पैशापेक्षा त्यांना शांतता महाग वाटली.

आणि वॉर्ड? ज्याची जर्सी इस्त्री करून खुंटीला लागते तो? इथले लोक त्याचं नाव घेतात ते झेलांसाठी कमी, त्याच्या ब्लॉकिंगसाठी जास्त. चेंडू दुसऱ्याकडे असला तर हा स्वतःहून कुणाला तरी अंगावर घेऊन वाट मोकळी करायचा, आणि उठताना हसायचा. त्याच्या तशा धडकांनंतर लीगने नियमच बदलला. त्यालाही पैशासाठी भांडावं लागलं होतं. २००५ मध्ये तोही शिबिराच्या सुरुवातीला आला नव्हता, हे लोक विसरलेत. करार झाला, त्याच मोसमात सुपर बोलचा सामनावीर तो होता. म्हणजे रुसून घरी बसणं इथे माफ होऊ शकतं, जर माणूस चेंडूविना मार खायला तयार असेल. १ जानेवारी २०१२ ला क्लीव्हलँडमध्ये त्याने हजारावा झेल घेतला. छोटासा ढकललेला पास, आणि त्यात तीन यार्ड उलटे मागेच गेले. आठ आठवड्यांनी संघाने त्यालाही सांगितलं की आता नाही. तो दुसऱ्या कुठल्या संघाकडे गेला नाही, मार्चमध्ये निवृत्त झाला, म्हणून त्याची जर्सी खोक्यात पडली नाही. निरोप मात्र त्यालाही तसाच मिळाला.

ब्राउन गेला त्या मार्चमध्ये बाबांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, आमच्या मंडळातपण एक होता. चढाईला वाघ. एका चढाईत तीन-तीन गडी मारून यायचा. पण बचावाला साखळी करायची वेळ आली की हात धरायचा नाही. कोपऱ्यात उभा राहायचा, दम खात. मी विचारलं, मग काढला का त्याला? "काढतोय कशाला? भांडलो. लय भांडलो. एकदा तर वर्षभर बोललो नाही त्याच्याशी. पण चढाईला तोच जायचा की." साखळीचं काय केलं, तर म्हणाले ती आम्ही बाकीच्यांनी धरली. मी त्यांना सांगायला गेले की इथे ५३ जण असतात, खर्चाची मर्यादा असते, करार असतात. ते ऐकून घेत होते. पण मला जाणवलं की मी जे सांगतेय ते सगळं खरं असूनही त्यांच्या बोलण्याला उत्तर नाहीये.

पिकन्सच्या बाबतीत हेच साखळीचं प्रकरण झालं. डिसेंबर २०२३, इंडियानापोलिस. संघातला जेलेन वॉरन चेंडू घेऊन शेवटच्या रेषेजवळ पोचला आणि पिकन्स शेजारी असूनही वाट मोकळी करायला बचावपटूला आडवा गेला नाही. ती काही सेकंदांची फीत आठवडाभर चालू होती. त्याने सांगितलं, मला दुखापत टाळायची होती. ते ऐकून लोक आणखीच भडकले. आमच्या घरीही वाद झाला. वॉर्ड बघत मोठे झालेल्यांच्या गावात हे बोलणं कुणाला पचणार? पुढच्या शनिवारी सिनसिनाटीविरुद्ध घरचा सामना होता, नाताळच्या आदल्या दिवसाच्या आदल्या दिवशी, आणि आम्ही वरच्या मजल्यावर होतो. पिकन्सचं नाव पुकारलं तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतला माणूस तोंडाशी हात धरून त्याला शिव्या देत होता. स्टीलर्सच्या दुसऱ्याच प्लेला चेंडू पिकन्सच्या हातात आला आणि तो जो सुटला तो ८६ यार्ड. वरून बघताना बचावपटूंचे कोन एकेक करून मोडत जाताना दिसत होते. पुढे अजून एक, ६६ यार्डांचा. चार झेल, १९५ यार्ड, दोन टचडाउन. पुढच्या रांगेतल्या माणसाने टॉवेल काढला आणि डोक्यावर गरगर फिरवायला लागला. मी त्याला नावं ठेवत नाही. माझाही घसा बसला होता. पण त्या आठवड्यात पिकन्सला काय वाटत असेल, शनिवारी टॉवेल फिरवणारी हीच माणसं मंगळवारी काय बोलत होती हे माहीत असताना, ते मनातून गेलं नाही.

त्या मोसमात त्याने एका झेलामागे सरासरी १८.१ यार्ड काढले, लीगमध्ये सर्वाधिक, एकूण १,१४०. वय बावीस. राग यायचा, हावभाव करायचा, पंचांच्या शिट्ट्या ओढवून घ्यायचा, हे सगळं मी पाहिलंय आणि त्यातलं पुष्कळ मला आवडलं नाही. पण त्याला इथे तीन वर्षांत चेंडू टाकले कुणी ते बघा. ट्रुबिस्की, पिकेट, रुडॉल्फ, फील्ड्स, विल्सन. तीन वर्षांत पाच. ज्याचं सगळं कसब दुसऱ्याच्या हातावर अवलंबून, ज्याला ठरावीक पावलावर वळायचं आणि वळण्याआधीच चेंडू हवेत असेल असा भरवसा ठेवायचा, त्याच्यासमोर आपण दर काही महिन्यांनी नवा हात उभा करत होतो आणि त्याच्याकडून समंजसपणा मागत होतो. मार्च २०२५ मध्ये याच संघाने सिॲटलहून रिसीव्हर डीके मेटकाफला आणलं आणि १३.२ कोटी डॉलरची चार वर्षं त्याच्या करारात वाढवली. म्हणजे पैसे होते, आणि या जागेवर मोठी रक्कम लावायची तयारीही होती. दोघांना एकत्र खेळवायचं आणि पिकन्सच्या चौथ्या वर्षात बघायचं, एवढं करायला काय हरकत होती? फार तर तो चिडला असता. भांडला असता. मी ठेवला असता त्याला, आणि भरवशाचा क्वार्टरबॅक समोर उभा करून एक पूर्ण मोसम तरी पाहिला असता. तो ७ मेला गेला. क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सने ७ जूनला सही केली.